बर्फ कमी पडलेल्या वर्षी काय करायचं: नागपूरहून स्कीला जाणाऱ्यांसाठी

जानेवारी २०२४ मध्ये टंगमर्गचा घाट चढून गुलमर्गला पोहोचलो तेव्हा टॅक्सीच्या टपावर माझ्या स्की बांधलेल्या होत्या आणि समोरचं सगळं पठार तपकिरी होतं. एप्रिलमध्ये काटोलकडचं पडीक वावर दिसतं, अगदी तसं. स्लेजवाले उन्हात पाठ शेकत बसले होते, घोडे वाळलं गवत खात होते. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे काश्मीरचे ते कडाक्याचे चाळीस दिवस, निम्मे सरले होते. मी नऊ दिवस राहिलो. त्यात स्की पायात घालून धड अर्धा तासही घसरलो नाही. पण त्या नऊ दिवसांत जे पाहिलं आणि लिहून ठेवलं, ते नंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात उपयोगी पडत राहिलं आहे. तेच इथे सांगतो.

माझी काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे. राहतो नागपुरात. गुलमर्गला बेसिक स्की कोर्स केला त्याला पंधरा वर्षं होऊन गेली, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात दहा-बारा दिवस बर्फासाठी राखून ठेवतो. पहिली काही वर्षं गंडोलाखालच्या, म्हणजे रोपवेखालच्या, गस्त असलेल्या पट्टीवर. आता बॅककंट्रीत: स्कीच्या तळाला स्किन (चढताना मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी) चिकटवून स्वतःच्या पायांनी चढायचं आणि कुणी राखण न केलेल्या उतारावरून खाली यायचं. पुण्या-मुंबईचे आणि आपल्या विदर्भातलेही आता बरेच जण इकडे वळले आहेत. बर्फ कमी असलं की बहुतेकांना वाटतं, यंदा मजा कमी, पण धोकाही कमी. मजेचं खरं आहे. धोक्याचं नेमकं उलटं आहे. आणि लांबून, मोजके दिवस घेऊन, भाडं भरून आलेला माणूस तो धोका पत्करायला सगळ्यात आधी तयार होतो. आपण नागपूरकर त्यातच मोडतो.

निघण्याआधी: नागपुरात बसून आभाळ ओळखणं

काश्मीरचं बर्फ पश्चिमी विक्षोभातून येतं. भूमध्य समुद्राकडून निघालेले हे पट्टे इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात. ते आले नाहीत, किंवा जास्तच उत्तरेकडून निघून गेले, की गुलमर्ग कोरडं राहतं. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. तोच विक्षोभ जोरात आला, त्याला बंगालच्या उपसागरावरची वाफ मिळाली, की जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडे गारपीट होते. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी पाणी बंद करून झाडाला दिलेला ताण आपण जानेवारीच्या मध्यात तोडतो, फुलोरा फेब्रुवारीत येतो, आणि गार पडते ती त्याच फुलोऱ्यावर. म्हणून हवामानाचा नकाशा मी दोन डोळ्यांनी पाहतो. एका डोळ्याला तिकडे ढग हवा असतो, दुसऱ्याला इकडे नको असतो.

नुसतं 'हिमवृष्टीची शक्यता' वाचून तिकीट काढू नका. तीन आकडे बघा.

पहिला, पाऊस किती मिलिमीटर. थंड हवेत ढोबळ हिशेब एक मिलिमीटर पाण्याला एक सेंटिमीटर बर्फ असा धरतात. पाच-सात मिलिमीटरच्या बातमीने पठार पांढरं होतं, फोटो छान येतात, पण स्कीखाली दगड तसेच राहतात.

दुसरा, श्रीनगरचं तापमान. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर, गुलमर्ग सुमारे २,६५० वर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश थंडी वाढते, म्हणजे गुलमर्ग सात अंशांनी खाली. पाऊस पडताना श्रीनगरात ८ अंश असेल तर गुलमर्गच्या बाजारात १ अंश, म्हणजे चिकट, ओलं बर्फ. सुकं बर्फ मिळेल ते त्याच्या वर, गंडोलाचा पहिला टप्पा जिथे संपतो त्या कोंगडूरीला, म्हणजे ३,१०० मीटरच्या आसपास. श्रीनगरात २-३ अंश असेल तरच पठारावर खरं बर्फ समजा.

तिसरा आकडा वाऱ्याचा, दुसऱ्या टप्प्याच्या उंचीवरचा. तो का, हे पुढे येईलच.

सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट बघायला मिळतात आणि काही दिवसांच्या अंतराने नवीन येतात. आभाळ मोकळं असलेल्या दिवसाचं चित्र उघडा, अफरवतचा डोंगर शोधा. कुठलं अंग पांढरं, कुठलं तपकिरी, हे इथे नागपुरात खुर्चीत बसून कळतं. हॉटेलवाल्याला फोन केला तर तो म्हणेल, 'आ जाइए साहब, बर्फ है.' त्याचं पोट त्यावर आहे, त्याला दोष नाही. पण चित्राला पोट नसतं.

तारखा सैल ठेवा

सगळ्यात मोठी चूक मी कित्येक वर्षं केली: संक्रांत झाली की निघायचं, दहा दिवसांनी परत, बदल नाही. आता दोन खिडक्या धरतो. एक जानेवारीच्या शेवटी, दुसरी मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा दोन्हीची तिकिटं काढतो आणि एक वेळेत रद्द करतो. थोडे पैसे कापले जातात, पण बर्फ नसताना दहा दिवस हॉटेलात बसण्यापेक्षा ते खूप कमी असतात. नागपूरहून कटऱ्याला थेट गाडी आहे, आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्याने रामबनला दरड कोसळून रस्त्यात अडकण्याची भीती राहिली नाही. स्कीची लांब पिशवी खालच्या बर्थखाली तिरकी बसते, मी दरवेळी तशीच नेतो.

नोकरी करणाऱ्यांना सुटीचं अवघड जातं, मान्य. पण साहेबाला 'दहा दिवस अमुक तारखेपासून' असं सांगण्याऐवजी 'फेब्रुवारी-मार्चमध्ये कधीतरी आठ दिवस, चार दिवस आधी कळवतो' असं एकदा विचारून तर बघा. माझ्या ओळखीत दोघांना मिळाली.

दुसरा सैलपणा जागेचा. गुलमर्ग कोरडं असलं तरी लाहौलमध्ये, अटल बोगद्यापलीकडे सिस्सू-कोकसरला, जमीनच ३,१०० मीटरवर आहे. तिथे जे थोडं पडतं ते टिकतं. अट एकच: तिथे गंडोला नाही, गस्त नाही, मदत लांब. गुलमर्गचं बुकिंग फसलं म्हणून अनोळखी खोऱ्यात गाईडशिवाय शिरू नका.

पोहोचलात आणि बर्फ नाही: डोंगर उघडा आहे तोवर वाचून घ्या

२०२४ च्या त्या नऊ दिवसांत तिसऱ्या दिवशी मी स्की खोलीत ठेवल्या आणि नुसता चालायला लागलो. कोंगडूरीहून खिलनमर्गकडे, परत बाबारेशीकडच्या जंगलात, रोज चार-पाच तास. खिशात वही, हातात फोन. एरवी जानेवारीत ज्यावरून आपण डोळे मिटून जातो ते सगळं उघडं पडलं होतं: देवदाराची कापलेली खोडं, गुडघ्याएवढे दगड, ओढ्यांचे काठ, कुंपणाच्या तारा. प्रत्येक ठिकाणी उभं राहून वर आणि खाली असे दोन फोटो काढले. फोन काठीवर आडवा ठेवून उताराचे अंश मोजले आणि फोटोखाली लिहिले. स्लॅबचं, म्हणजे बर्फाची अख्खी पाटी सुटून होणारं हिमस्खलन बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. डोळ्याला सोपा वाटणारा एक उतार ३४ निघाला. त्यावरून मी आधी दोनदा गाणं म्हणत उतरलो होतो.

पण सगळ्यात मोलाचे फोटो दुसरेच. पठार तपकिरी असलं तरी डोंगर पूर्ण उघडा नव्हता. उत्तरेकडच्या सावलीत, घळींच्या पोटात, खडकांच्या मागे डिसेंबरमधलं जुनं बर्फ वीतभर, हातभर शिल्लक होतं. नवखा माणूस ते बघून खूश होतो: चला, इथे तरी आहे. माझा गाईड टंगमर्गचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण डोंगर त्याला घरासारखा ठाऊक. तो अशा एका तुकड्याजवळ गुडघ्यांवर बसला, हातमोजा काढला, वरचा पापुद्रा बाजूला केला आणि तळाचं बर्फ ओंजळीत घेऊन माझ्यापुढे धरलं. ते बर्फासारखं दिसतच नव्हतं. जाड दाण्याची साखर. बोटांमधून सरसर गळत होतं. 'दाबून बघ,' तो म्हणाला. मी मूठ आवळली. तूप कमी पडलेल्या रव्यासारखं झालं, लाडू वळेना. भिंगाखाली धरलं तर एकेक दाणा पेल्यासारखा पोकळ, कडांना रेघा असलेला.

'याच्यावर मीटरभर बर्फ पडलं की सांग, हे त्याला धरून ठेवेल का?' त्याने विचारलं.

हा प्रश्न कमी बर्फाच्या वर्षात रोज स्वतःला विचारा. बर्फ पडायच्या आधी कुठे जुनं बर्फ होतं आणि कुठे कोरडं गवत होतं, हे माहीत असलेला माणूस पुढच्या वादळानंतर अर्धी लढाई जिंकलेला असतो. सगळं पांढरं झाल्यावर दोन्ही सारखं दिसतं. म्हणून मोठं बर्फ येण्याच्या आदल्या दिवशी समोरच्या अंगाचे फोटो काढा, फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि स्की करायला जाताना रोज उघडून बघा.

पातळ बर्फ कमकुवत का होतं

हिशेब सोपा आहे. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते. मोकळ्या रात्री वरचा थर उणे १५ वर गेला असं धरा. दोन मीटर बर्फ असेल तर १५ अंशांचा फरक दोन मीटरमध्ये विभागला जातो, म्हणजे मीटरला साडेसात अंश. बर्फ ६० सेंटिमीटर असेल तर तोच फरक मीटरला २५ अंश पडतो. मीटरला १० अंशांच्या वर गेलं की खालची वाफ वर सरकू लागते आणि बर्फाचे कण एकमेकांना चिकटायचं सोडून टोकदार, सुटे दाणे होतात. म्हणजे जितकं बर्फ कमी आणि जितक्या रात्री स्वच्छ, तितकी तळाशी साखर जास्त. आपल्याला ज्या निळ्या आभाळाचं कौतुक वाटतं, ते निळं आभाळच हे काम करत असतं.

त्यात वाऱ्याची भर. वारा उघड्या धारेवरचं बर्फ उचलतो आणि आडोशाच्या घळीत टाकतो. कमी बर्फाच्या वर्षी स्की करण्याइतकं बर्फ फक्त त्या घळींतच दिसतं, आणि वाऱ्याने दाबलेली ताठ पाटी साखरेवर बसलेली असते तीही तिथेच. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा सापळा हा आहे. चांगल्या वर्षी तुम्हाला दहा पर्याय असतात, त्यातले सात निवांत असतात. वाईट वर्षी पर्याय दोन, आणि दोन्ही घळीतले.

त्याच २०२४ च्या हिवाळ्यात, सुक्या जानेवारीनंतर फेब्रुवारीत भरपूर बर्फ आलं आणि २२ फेब्रुवारीला गुलमर्गच्या बॅककंट्रीत हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीअर दगावला, बाकीच्यांना वाचवता आलं. मी तेव्हा बागेत होतो. बातमी वाचली आणि वहीतले ते फोटो काढून बराच वेळ बघत बसलो.

माझा स्वतःचा शेवटचा दिवस

त्याच्याही काही वर्षं आधीची गोष्ट. असाच कोरडा सीझन, आठ दिवस वाट पाहून संपले, नवव्या रात्री कोपराएवढं बर्फ पडलं आणि दहाव्या दिवशी दुपारची गाडी. सकाळी सहाला मी जागा. गाईड म्हणाला, एक दिवस बसू द्या. मी म्हटलं, माझ्याकडे एक दिवस नाही. त्याला पटलं नव्हतं, तरी तो माझ्यासाठी निघाला. याचं मला अजून वाईट वाटतं.

कोंगडूरीच्या वरच्या बाजूला, झाडं संपतात तिथे, मी पुढे होतो. स्किनचा सरसर आवाज, बाकी शांत. अचानक पायाखालून आवाज आला: धप्प. गोदामात धान्याचं पोतं लांबून पडावं तसा, पण तो पोटात जाणवला. जमीन दोन बोटं खाली बसली. माझ्या डाव्या स्कीच्या टोकापासून एक बारीक चीर निघाली आणि बघता बघता वीस पावलांवरच्या झाडापर्यंत गेली. आम्ही उभे होतो तो उतार पंचविसेक अंशांचा होता म्हणून सरकला नाही. वरच्या बाजूला तोच उतार तीव्र होत गेला होता, आणि मी तिकडेच निघालो होतो. गाईड एकच शब्द बोलला, 'वापस.' आपल्याच पावलांच्या खुणांवरून, एकेक करून, मधे अंतर ठेवून आम्ही उतरलो. गाडी मिळाली.

तेव्हापासून माझे काही नियम पक्के आहेत. परतीच्या दिवशी बॅककंट्री नाही, मग कितीही बर्फ पडो. मोठ्या हिमवृष्टीनंतर पहिले दोन दिवस फक्त गस्तीची पट्टी किंवा सपाट जंगल, आणि तळाशी साखर असेल तर त्याहून जास्त, कारण साखर दोन दिवसांत बरी होत नाही, ती आठवडेच्या आठवडे तशीच राहते. धप्प असा आवाज किंवा पळती चीर म्हणजे डोंगराने स्वतः सांगितलेली गोष्ट. त्यानंतर खड्डा खणून तपासणी करायची गरजच उरत नाही, परत फिरायचं.

आवाज नसेल तर खड्डा खणा. तीस सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद असा बर्फाचा खांब मोकळा करा, वर फावडं आडवं ठेवा आणि थापटा: दहा वेळा मनगटातून, दहा वेळा कोपरातून, दहा वेळा खांद्यातून. मनगटाच्याच थापांना खांब कापल्यासारखा स्वच्छ सरकला, तर त्या अंगाकडे बघूसुद्धा नका. तो टिकला म्हणजे परवाना मिळाला, असं मात्र नाही. पातळ वर्षात बर्फाची जाडी दर दहा पावलांवर बदलते, आणि स्लॅब बहुधा तिथून सुटतो जिथे तो सगळ्यात पातळ असतो, खडकाच्या कडेला, उताराच्या फुगवट्यावर. तुमचा खड्डा जाड जागी असेल तर तो तुम्हाला खोटा दिलासा देईल.

चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते रोज वाचा. पण इशारा जिल्ह्याचा असतो, तुम्ही ज्या उतारावर उभे आहात त्याचा नसतो.

मग उतरायचं कुठे आणि कसं

गवताळ कुरण शोधा. खाली लॉनसारखं गवत असेल तर गुडघ्याखालचं बर्फही पुरतं. अफरवतच्या वरच्या अंगाला मोठाले दगड आहेत, तिथे मीटरभर पडूनही टोकं वर राहतात. अशा वर्षी वरचा टप्पा उघडला म्हणून धावू नका. २५ अंशांच्या आतला, डोक्यावर तीव्र उतार नसलेला, गवतावरचा मैदानी तुकडा निवडा आणि तोच पाच वेळा चढा-उतरा. मला आधी यात कमीपणा वाटायचा. आता त्याच कुरणावर वळणं घोटताना दुपार कशी सरते कळत नाही.

उतरताना वेग निम्मा ठेवा. उडी नाही. वजन दोन्ही स्कींवर सारखं, गुडघे सैल, म्हणजे लपलेला दगड लागला तरी तोंडावर पडणार नाही. बर्फावर छोटा उंचवटा दिसला की खाली दगड किंवा खोड आहे असंच समजा. ओढ्यांवर बर्फाचा पूल असेल तर स्की न काढता, काठीने ठोकून मगच. हेल्मेट अशा वर्षी जास्त गरजेचं.

तळाला पडलेली भगदाडं

दगड लागणारच. म्हणून पातळ वर्षासाठी मी जुनी जोडी वेगळी ठेवली आहे. भाड्याने घेत असाल तर घेतानाच तळाचे फोटो काढा, नाहीतर आधीच्या ओरखड्यांचे पैसे तुम्हाला भरावे लागतात.

दुरुस्ती घरी होते. ओरखडा उथळ असेल तर ब्लेडने त्याच्या कडा साफ करा, मेण पुसून काढा, पी-टेक्सची (तळ भरायच्या प्लास्टिकची) कांडी पेटवा. ज्योत पिवळी-काळी असेल तर थेंबाबरोबर काजळी पडते आणि काजळीचा थर चिकटत नाही. म्हणून कांडी लोखंडी स्क्रॅपरला टेकवून धरायची, ज्योत निळसर, लहान झाली की मग थेंब सोडायचे. एकदम भरायचं नाही: एक थर, गार होऊ द्यायचा, दुसरा थर. भराव थोडा वर आला की थंड झाल्यावर स्क्रॅपरने तासून सपाट करायचा. भगदाड आतल्या थरापर्यंत किंवा लोखंडी कडेला लागून असेल तर पी-टेक्स तिथे धरत नाही, ते निघून येतं. तिथे अ‍ॅराल्डाइट. नागपूरच्या गरमीत ते पटकन घट्ट होतं. गुलमर्गच्या खोलीत ते रात्रभर ओलंच राहिलं, शेवटी बुखारीपासून, म्हणजे खोलीतल्या शेगडीपासून, दोन हातांवर स्की उभ्या केल्या तेव्हा सकाळी बसलं.

आणि स्किन. त्यांचा गोंद आपल्या मे महिन्यात टिकत नाही. माझी पहिली जोडी माळ्यावर होती. जूनमध्ये काढली तर गोंद चिक्कीच्या पाकासारखा तारा सोडत होता, सगळा कापडावरून निघून आला. आता जाळीचा कागद मधे घालून, हवाबंद पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो. बीकनमधले (बर्फाखाली गाडलेल्या माणसाला शोधायचं, अंगावर बांधायचं रेडिओयंत्र) सेल परत आल्याच्या दिवशीच काढतो, उन्हाळ्यात ते पाझरतात.

बागेतला सराव

बर्फ नसलेल्या वर्षी एक गोष्ट नक्की करता येते, शोधकामाचा सराव, आणि त्याला बर्फ लागत नाही. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर तो वाचण्याची शक्यता मोठी असते, पुढे ती झपाट्याने घसरते. त्या दहा मिनिटांत बाहेरची मदत येत नाही. जे काही करायचं ते सोबतच्यांनीच.

डिसेंबरमध्ये रविवारी आम्ही चौघे बागेत जमतो. एक जण चालू बीकन गोणपाटात गुंडाळून दोन ओळींच्या मधे, नांगरलेल्या भुसभुशीत काळ्या मातीत हातभर पुरतो, बाकीचे विहिरीकडे तोंड करून उभे. मग घड्याळ सुरू. पहिल्यांदा आम्हाला चौदा मिनिटं लागली होती. आता चार-पाच. घाई करायची ती लांबून जवळ येईपर्यंत. शेवटच्या तीन मीटरात बीकन जमिनीलगत, हळू, सरळ रेषेत. प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून बघायची लांब सळई, उताराला काटकोनात, मध्यापासून गोल गोल, वीतभराच्या अंतराने. आणि फावडं माणसाच्या डोक्यावर नाही, उताराच्या खालच्या बाजूने. एकदा आकडे वेड्यासारखे नाचायला लागले, बीकन बिघडलं असं वाटलं. शेजारच्या विहिरीवरची मोटार चालू होती. फोनचंही तसंच: शोधताना तो बीकनपासून निदान अर्धा मीटर लांब हवा, खरं तर बंदच.

पायांसाठी रामटेक आहे. अंबाळा तलावाच्या बाजूने गडमंदिराच्या पायऱ्या, पाठीवर दहा किलो, सकाळी उन्हाच्या आधी चार फेऱ्या. चढण्यापेक्षा उतरणं हळू करा, मांडीला स्कीसाठी लागणारी ताकद उतरताना येते.

गाईडचे पैसे

आपला दहा दिवसांचा हिरमोड होतो, त्यांचं वर्ष जातं. गाईड, हमाल, स्लेजवाला, चहाची टपरी, सगळ्यांची कमाई या आठ-दहा आठवड्यांत. ठरवलेला दिवस बर्फ नाही म्हणून किंवा धोका आहे म्हणून रद्द झाला तरी गाईडचे त्या दिवसाचे पैसे द्या. आधीच सांगून ठेवा की देणार आहात. ज्याला पैसे बुडायची भीती नाही तोच तुम्हाला 'आज नको' असं मोकळेपणाने सांगू शकतो. उघड्या डोंगरावर चालायलाही त्याला सोबत घ्या, पूर्ण मजुरी देऊन. माझ्या वहीतलं निम्मं त्याचं आहे.

मार्च

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच. गुलमर्गची खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २२ तारखेपासून होती, बर्फाअभावी पुढे ढकलली आणि ९ ते १२ मार्चला झाली. मीही जानेवारीचं तिकीट रद्द करून मार्चचं ठेवलं होतं.

मार्चचं बर्फ वेगळं. रात्री गोठतं, सकाळी दगडासारखं, मग उन्हाने वरचा बोटभर थर मऊ होतो आणि स्की लोण्यातून फिरावी तशी फिरते. ही वेळ तास-दीड तासाची. पूर्वेकडचा उतार आधी, मग दक्षिणेचा, पश्चिमेचा शेवटी. रात्री आभाळ भरून राहिलं आणि गोठलंच नाही, तर त्या दिवशी चढू नका. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की खाली या, मग घड्याळात अकरा वाजले असोत की साडेनऊ.

त्या मार्चमध्ये एका सकाळी कोंगडूरीच्या कुरणावर तिसरी फेरी संपवून स्की काढत होतो. बूट रुतायला लागले होते. फोन वाजला, लहान भाऊ.

'दादा, काल रात्री लय आभाळ आलं होतं.'

'गारा?'

'नाही पडल्या. नुसता शिडकावा. लहान फळ शाबूत आहे. तिकडे बर्फ आहे का?'

मी मागे वळून पाहिलं. गवताची टोकं वर दिसत होती, त्यांच्या मधून आमच्या दोघांच्या वळणांच्या रेषा.

'आहे,' मी म्हटलं. 'पुरेसं आहे.'